जाळ्याचा वाटा

बैल वाटले गेले, धान वाटले गेले, तलावाच्या पाळीखालच्या बांधीत मधोमध वाटणीचा धुरा पडला. मुखरूच्या पश्चात त्याच्या घराचे दोन तुकडे इतक्या शांतपणे झाले की भांडण पाहायला कुंपणाशी जमलेले शेजारी हिरमुसून आपापल्या कामाला निघून गेले. ते जरा घाईने गेले. माघातल्या त्या सकाळी अंगणातल्या गोणपाटावर बाजा अजून अखंड बसलेला होता.

सागवानी पेटी, तिच्यावर मखमल उडालेली फिरती थाळी, बाजूला चावीचा दांडा आणि वर धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला पितळी भोंगा. पोंभुर्ण्यापासून अंधारी नदीपर्यंत मासे धरणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही ढिवराच्या घरी असा बाजा नव्हता. आणि या घरीही तो कोणी विकत आणलेला नव्हता. मालगुजारी गेली त्या उन्हाळ्यात मालगुजाराचे कुटुंब सामानसुमानासह नागपूरला निघाले. तलावाच्या पाळीवर बैल बिचकला, बंडी कलली, आणि बाजा गाण्याच्या तव्यांच्या पेटीसकट पाण्यात गेला. मालगुजार आधीच सगळ्या जगावर रुसलेला. "काढील त्याचा," एवढे बोलून त्याने बंडी पुढे हाकायला लावली. मुखरूने मोठे जाळे टाकले, पोरांनी ओढले, आणि चार रोहूंच्या संगतीने बाजा वर आला. भोंग्यात एक वाम शिरून बसली होती. तिचा रस्सा त्याच दुपारी झाला.

तवे पाण्याने बिघडले नाहीत, पण त्यांच्यावरचे कागद मात्र सुटून गेले. कोणत्या तव्यात कोण आहे हे वाजवल्यावाचून कळेनासे झाले, म्हणून घराने आपल्यापुरती नावे ठेवली: बुवा, रडकी बाई आणि हासनारा. हासनारा म्हणजे एक माणूस, जो आरंभापासून शेवटपर्यंत नुसता हसत असे. कशाला, ते कधी सांगत नसे. मुखरूच्या दहाव्याला नदीकाठी बाजा नेला होता. बुवा लावायचा म्हणून थोरल्या इस्तारीने तवा चढवला, आणि पिंडाकडे डोळे लावून बसलेल्या साऱ्या भावकीसमोर हासनारा सुटला. कावळा मात्र त्याच क्षणी शिवला, असे मुखरूची बायको रुखमाबाई पुढे कितीतरी वेळा सांगे. ते अभिमानाने सांगे की रागाने, हे कोणालाच ठरवता आले नाही.

गोकुळा ओसरीत खांबाला टेकून जाळे विणत बसली होती. ती या घरची मधली सून. तिचा नवरा मनसाराम दोन पावसाळ्यांपूर्वी थंडीतापाने गेला, आणि मागे मूल नव्हते. मोठे जाळे पसरून बसले की माणूस कामात आहे असे सर्वांना वाटते आणि कोणी त्याच्याशी बोलायला येत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक झाले होते. पण आज तिची बोटे विणत होती, आणि जीव अंगणाच्या टोकाला असलेल्या छपरीत अडकला होता.

त्या छपरीचे काय व्हायचे, ते काल सांजवेळी ठरून गेले होते. ठरवण्याची रीतही अशी की ऐकणाऱ्याला हसू यावे. इस्तारी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. सुनेने भासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचे नाही, हा रिवाज. त्यामुळे दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर असताना इस्तारीची बायको वच्छला मध्ये उभी होती.

"वच्छलाबाई, सांगा," गोकुळा पदर पुढे ओढून म्हणाली होती, "मी जाळ्याच्या छपरीत राहीन. माही चूल मी पेटवीन. कोनाच्या ताटात हात नाई घालनार."

"हे म्हनते का छपरीत राहीन," वच्छलाने नवऱ्याकडे वळून सांगितले.

"ऐकलो मी. तिले सांग, छपरी मले पायजे. तिथी बाजा ठेवायचा हाये. तट्ट्याले आतून शेनामातीचा हात हाये, वरतं गवत हाये. आवाज आपटत नाई, गोल येते. या भिताडात डोस्क्याले लागते."

"ते म्हनते का आवाज गोल येते."

"मानूस कुठी राहीन मंग?" गोकुळा म्हणाली.

"मानूस कुठी राहीन मंग?" वच्छलाने विचारले, आणि तिच्या स्वरात निरोपापेक्षा थोडे जास्त काही होते.

इस्तारी वाईट माणूस नव्हता. त्याने याचाही विचार करून ठेवला होता. गोकुळाने सहा महिने थोरल्याकडे जेवावे, सहा महिने धाकट्या लटारूकडे. पावसाळ्यात ती आपल्याकडे राहील. यावर लटारू उसळला. "म्हनजे रोवना तुह्याकडे? मंग कापनी माह्याकडे पायजे." तेही मान्य झाले. रोवण्यात थोरला, कापणीत धाकटा. उन्हाळ्यात शेतात काम नसते, तेव्हा उन्हाळ्यात गोकुळा कोणाकडे, या प्रश्नापाशी दोन्ही भाऊ थांबले. दोघांनीही आभाळाकडे पाहिले आणि प्रश्न उद्यावर ढकलला.

तो उद्या आता उजाडला होता, आणि कोणाला उन्हाळ्याची आठवणही नव्हती. बाज्यासाठी पंच म्हणून सुकलूबुढा आला होता. त्याचे कान इतके गेले होते की ढोल छातीला लावावा तेव्हा कुठे त्याला सण कळे. बाज्याच्या वादात पंच बहिराच बरा, यावर भावांचे एकमत झाले होते; बाज्यावरून झालेले एकमेव. "बहिऱ्याले ना काट्याचं सुख, ना पिनीचं," असे लटारूने म्हटले होते.

काटा आणि पिन हे त्या घरातले जुने दुखणे होते. तव्यावर टेकवायची सुई कशाची असावी, यावरून भावाभावांत जे बोलणे होई ते जमिनीवरूनही झाले नव्हते. इस्तारी बाभळीच्या काट्याचा. तो काटे चुलीवरच्या धुरात सुकवी, दगडावर घासून टोक काढी आणि ऐकताना घरात कोणाला भांडे वाजवू देत नसे. लटारू पोलादी पिनेचा. तो दोन हंगाम आलापल्लीच्या लाकूड डेपोत राबला होता, आणि तिथल्या बंगल्याच्या मागे उभे राहून त्याने साहेबाचा बाजा ऐकला होता. "काट्यानं आवाज म्हातारा होते," असे तो म्हणे. मेलेल्या मनसारामचा तिसराच पंथ होता. तो शिंगाळा मासोळीच्या पाठीचा काटा उकळून, वाळवून लावी. त्याने आवाज ओला, मऊ येई. आणि सोबत मासोळीचा मंद वास. बुवा गाऊ लागला की मांजर येऊन बसे.

"बोला," सुकलूबुढा म्हणाला.

सगळे एकदम बोलले.

"मी थोरला. बाजा माहा!"

"पान्यात कोन उतरला होता? गळ्याएवढ्या पान्यात मी होतो, भाऊ, तू पाळीवर उभा राहून 'हळू, हळू' करत होता!"

"'हळू' नसतो म्हनलो तं भोंगा फुटला असता!"

"आन दोर कोन धरला होता?" हे वारलू, घरचा जावई, घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत कामाला असलेला. वाटणीची कुणकुण लागताच तो कपडे बदलून आला होता. "माह्या तळहाताचं कातडं निंगालं होतं त्या दिवशी."

"भाटवे, तुम्ही तं बिडी पेटवायले दोर सोडला होता!"

"एका हातानं सोडला होता."

"मले बुवा पायजे," रुखमाबाई म्हणाली. "बाकीचा बाजा चुलीत घाला."

"चुलीत नको," वच्छला हळूच म्हणाली, "चुलीवर अगुदरच काटे टांगले हायेत."

सुकलूबुढ्याने हात वर केला. त्याला काहीच ऐकू आले नव्हते, पण तोंडे मिटल्याचे दिसले. त्याने बाज्याभोवती एक फेरी मारली, भोंग्यात डोके घालून आत पाहिले, आणि विचारले, "हा आला कसा?"

"जाळ्यात!" लटारू त्याच्या कानाशी ओरडला.

"मंग सोपं हाये. पान्यातून जाळ्यात आलं ते मासोळी. मासोळीचा कायदा लागन."

"बुढा, बाजा हाये हा!" इस्तारी कळवळून ओरडला.

"कासव आलं तं वाटत नाई काय? माह्या बापाच्या वेळेस घागर आली होती जाळ्यात. तेही वाटली."

"फोडून?" इस्तारीने मूठ आपटून दाखवत विचारले.

"हाव. फोडून."

कायदा कोणालाच नवा नव्हता. जाळे ओढणाऱ्या प्रत्येक हाताला एक वाटा, आणि जाळ्याचा म्हणून एक वाटा. आजवर प्रत्येक मासोळी याच न्यायाने वाटली गेली होती, आणि ज्याने जाळ्याच्या वाट्यावरून तंटा केला त्याच्या जाळ्यात पुढे मासोळी येत नाही, अशी सर्वांची श्रद्धा होती. ती मोडायला इस्तारीचीही जीभ रेटेना.

"मुखरूचा हात एक," बुढा बोटांवर मोजू लागला. "तो बुढीले. इस्तारी. लटारू. दोरवाला जावई. मनसाराम..." तो थांबला. "त्याच्यामांगं पोर नाई. तो हात बुडाला."

गोकुळाच्या बोटांतला दोरा तुटला. ओसरीत ते कोणाला दिसले नाही.

"आन जाळ्याचा एक," बुढ्याने शेवट केला. देवाच्या नैवेद्याला माना हलवाव्यात तशा सगळ्यांनी त्यावर माना हलवल्या.

मग बाजा उकलला गेला. पेचकस इस्तारीनेच घेतला. दुसऱ्या कोणाचा हात लागू देणे त्याच्याने झाले नाही. एकेक स्क्रू तो असा काढी जणू मुलाच्या पायातला काटाच काढतो आहे. भोंगा सुटला. सुई धरणारी, अभ्रकाचा पडदा असलेली गोल डबी दांडीसकट सुटली. चावी सुटली. तवे निराळे झाले, आणि उरली ती थाळीसकट पेटी, जिच्या पोटात स्प्रिंग होती. वच्छलाने पळसाची पाने आणून दिली, आणि मासोळीचे वाटे घालतात तसे बाज्याचे अवयव पानांवर मांडले गेले. सवयीने सुकलूबुढ्याने तांब्यातले पाणी ओंजळीत घेऊन वाट्यांवर शिंपडले.

"पानी नको! पानी नको, बुढा!" इस्तारीने स्वतःला पेटीवर झोकून दिले.

"वाटा ताजा राहते," बुढ्याने समजावले.

आता पाठ करायची वेळ आली. ज्याचा वाटा नाही त्याने वाट्यांकडे पाठ करून बसावे, पंचाने एकेका वाट्याला काठी लावून "हा कोनाचा?" असे विचारावे, आणि पाठ केलेल्याने नाव घ्यावे, म्हणजे पक्षपात होत नाही. वाटा नसलेले माणूस शोधायला कोणाला वेळ लागला नाही. सगळ्यांच्या नजरा ओसरीकडे वळल्या.

"तिनं मोठ्याचं नाव कसं घ्यावं?" रुखमाबाईने बुढ्याच्या कानाशी ओरडून हरकत घेतली.

"'मोठ्याचा' म्हनावं," बुढा म्हणाला. "मासोळीले नाव लागत नाई."

गोकुळा अंगणात येऊन गोणपाटाकडे पाठ करून बसली. समोर छपरी होती: बांबूच्या तट्ट्या, आतून तिनेच दिलेला शेणामातीचा हात, पुढे जाळे वाळवायच्या दोन मेढी. डोळे मिटावेत असा रिवाज होता. तिने मिटले.

मागे काठी टेकल्याचा आवाज झाला. "हा कोनाचा?"

"वारलूभाऊचा," ती म्हणाली. जे नाव आधी आठवले ते घेतले. आणि तोंडून नाव गेल्यावर तिच्या कानावर ती घुमणी आली, पितळेची, लांब, विहिरीत हाक मारल्यासारखी. भोंगा. सणासुदीला चिंच आणि राख लावून तो तीच घासत आली होती. काठी लागल्यावर तो असाच बोलतो, हे तिला झोपेतही कळले असते.

पाठ करणाऱ्याने डोळे मिटावेत असे पूर्वजांनी ठरवले होते. कान मिटावेत असे कोणी कधी म्हटले नव्हते, कारण मेलेल्या मासोळीचा आवाज येत नाही. आणि पंच बहिरा.

हे लबाडीत मोडते काय, असा विचार तिच्या मनात आलाच. पण त्याच्यामागोमाग बुढ्याचे शब्दही आले: तो हात बुडाला. त्या दिवशी मनसाराम छातीएवढ्या पाण्यात होता, आणि भोंग्यातली वाम त्यानेच शेपटीला धरून बाहेर काढली होती, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"हा कोनाचा?"

घसरत जाणारी, एकमेकांवर सरकणारी सळसळ. तवे.

"आत्याबाईचा."

"बुवा!" रुखमाबाईने टाळी वाजवली. "पाहा, देव हाये!"

"हा कोनाचा?"

लाकडाचा भरीव ठोका, आणि त्याच्या पोटातून निघालेला बारीक, लांबणारा टणत्कार. स्प्रिंग थरथरत होती. चावी भरताना शेवटच्या वेढ्याला हाताला जो थरकाप लागतो, तोच आता कानाला लागला. गोकुळाला ऐकू गेले नाही असे वाटून बुढ्याने पुन्हा ठोका दिला. बहिऱ्या माणसाला सगळे जगच बहिरे वाटते.

"हा कोनाचा?"

"जाळ्याचा," गोकुळा म्हणाली.

मागे लटारूने ते बुढ्याच्या कानाशी ओरडून सांगितले. तिने डोळे उघडले नाहीत. उरलेले दोन वाटे आले तसे तिने देऊन टाकले. लोखंडाचा बद्द आवाज करणारी चावी लटारूकडे गेली आणि अभ्रक कुरकुरणारी डबी मोठ्याकडे.

वळून पाहिले तेव्हा सगळे आपापल्या पानाकडे पाहत उभे होते. वारलूने भोंगा डोक्यावर घालून पाहिला. तो बरोबर बसला. लटारूने चावी हवेत फिरवली. काहीच झाले नाही. इस्तारी मात्र पेटीकडे चालला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद लपत नव्हता.

"जाळं घरचं. घरचा मोठा मी. म्हनजे पेटी..."

"जाळं कुठी वाटलं अजून?" लटारू आडवा आला. "पेटी दोघाची!"

"भाटव्याचं म्हननं काय हाये?" इस्तारीने विचारले.

"माहं म्हननं हाये का मी जेवून निंगतो," भोंग्याखालून वारलू म्हणाला.

सुकलूबुढ्याने काठी आपटली. "जाळ्याचा वाटा जो जाळं विनते आन वाळवते, त्याचा. कोन विनते?"

दोघा भावांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिले. मग इस्तारी म्हणाला, "तसं तं सगळेच..."

"सगळे कोन?" वच्छला पुढे आली. सोळा वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या वाक्यात कधी पडली नव्हती. "मामंजीचे डोळे गेले तेव्हापासून एकटी गोकुळा विनते. तुमी कधी एक गाठ मारली? काटे घासता दिवसभर. मले फोडनी घालायची बंदी. बुवा गाऊन राह्यला तं मोहरी तडतडू नाई द्यायची! तेल तापून धूर निंगते, मी उभी!" ती एवढे बोलून बुढ्याच्या कानाशी गेली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "गोकुळा विनते!"

बुढ्याने गोकुळाला हात पुढे करायला लावला. तिच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर दोऱ्याने पडलेली चीर होती. जुनी, काळी, पुन्हा पुन्हा भरलेली. त्याने ती अंगठ्याने चाचपली. स्वतःच्या बोटावरची तशीच चीर दाखवली आणि मान डोलावली.

"पेटी हिची. आन जाळं जिथी वाळते ते ठिकान जाळ्याचं. जाळ्याले जागेवरून कोनी हाकलत नाई."

"म्हनजे छपरी?" इस्तारीचा आवाज चिरकला. "छपरी, बुढा? तिथी आवाज गोल येते!"

"काय म्हनते हा?" बुढ्याने विचारले.

"म्हनते, हाव!" वच्छला ओरडली.

गोकुळाने पदर सावरला. भासऱ्याशी बोलता येत नव्हते, आणि आता वच्छलालाही मध्ये घालायचे तिच्या मनात नव्हते. तिने पेटीसमोर वाकून तिलाच म्हटले, "चाल बाई. घरी जाऊ." आणि तिला छातीशी कवटाळून ती छपरीकडे निघाली. लटारू वाटेत उभा होता. त्याने बाजूला होत हलक्या आवाजात म्हटले, "वयनी, तुमची पाठ लई नेमकी बोलली."

"तुमाले डबी देऊ काय मंग परत पाठ करून?"

"नाई, नाई. चावी बरी हाये," तो म्हणाला, आणि डोळे मिचकावून बाजूला झाला. तो काही बोलणार नाही हे तिला कळले. डबी थोरल्याकडे आणि चावी आपल्याकडे, यात त्याचाही सोयीचा भाग होता: थोरल्याला आता त्याच्या दाराशी यावे लागणार होते.

दुपारी वारलू भोंगा घेऊन मोटारीच्या वाटेला लागला. गोकुळाने छपरी झाडली. तीन दगड आणून चूल मांडली, पण पेटवली नाही. पहिला जाळ कशासाठी करायचा, हे तिच्या मनात ठरत नव्हते; नुसत्या भातासाठी चूल पेटवणे तिला अपुरे वाटत होते. पेटी तिने कोपऱ्यात पाटावर ठेवली. बाहेर मेढींवर जाळे टाकले.

दिवस कलला तेव्हा बाहेर खोकला ऐकू आला. इस्तारी. त्याच्या मागे वच्छला.

"तिले सांग," इस्तारी छपराच्या गवताकडे पाहत म्हणाला, "घरात उंदरं लई झाले. अभ्रक खाऊन टाकतीन. डबी इथी राहू दे."

"ऐकली ते," वच्छला म्हणाली. "मी जातो, माही फोडनी राह्यली हाये." आणि ती खरोखरच निघून गेली. त्यामुळे इस्तारी डबी हातात घेऊन तसाच उभा राहिला, कारण आता बोलायला मधले माणूस नव्हते.

मग लटारू आला. "वयनी, चावी माह्याकडे गंजून राह्यली."

"सकाळपासून?"

"गंज काय सांगून येते?"

रुखमाबाई तव्यांची पेटी कमरेवर घेऊन आली. तिला एकटीने तवे पाहत बसायचा कंटाळा आला होता. बुवा कोणता तेच कळत नव्हते. आणि सर्वांत शेवटी, अंगभर धूळ घेऊन, भोंगा डोक्यावर धरलेला वारलू परत आला.

"मोटरवाल्यानं आत घेऊ देल्ला नाई," त्याने सांगितले. "म्हने, वरतं बांधा. वरतं बांधला. गाडी पळाली तशी हवा भरली, आन भोंगा असा बोंबलला का समोरून येनारे बैल बंडीसकट बांधीत उतरले. मंग दुसरी बंडी. मंग एक लगनाची वरात. वरातीच्या लोकानं मले उतरवलं."

कोणी हसले नाही. सगळ्यांचे लक्ष पेटीकडे होते. इस्तारीने पेचकस कमरेतून काढला. तो त्याने आणलाच होता. डबी बसली, चावी बसली, भोंगा बसला. लटारूने चावी भरली. छपरीत बाजा पुन्हा धोतऱ्यासारखा उमलला. इस्तारीने खिशातून बाभळीचा काटा काढला.

"हे काय?" लटारू म्हणाला. "पिन लागन."

"डबी माही हाये."

"चावी माही हाये. उलटी फिरवीन."

"पिनीनं तवा खरवडते!"

"काट्यानं मुका होते!"

"मले बुवा..." रुखमाबाईने सुरुवात केली.

गोकुळा उठली. तिने थाळीवर हळूच तळवा ठेवला आणि पेटीलाच सांगितले, "पेटी माही हाये. माह्या पेटीवर त्याईचा काटा लागन."

दोन्ही भावांचे हात थांबले. मनसारामचे नाव कोणी घेतले नव्हते, तरी तो सर्वांना ऐकू आला. तिने छपराच्या गवतात हात घालून बांबूची नळी काढली. आत शिंगाळ्याचा एकच काटा उरला होता. डबीत बसवताना इस्तारीने कितीही जपले तरी तो मोडला. दोन पावसाळे गवतात राहून तो ठिसूळ झाला होता. इस्तारी मोडक्या तुकड्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले, पण मध्ये माणूस नव्हते. मग त्यानेही पेटीलाच सांगितले, "मुद्दाम नाई मोडलो मी."

"ते मालूम हाये," पेटीकडे पाहत गोकुळा म्हणाली.

"आता?" वारलूने विचारले.

"आता काय," लटारू म्हणाला, "शिंगाळा पायजे. पाळीच्या खालच्या डोहात असते. अजून उजेड हाये."

"जाळं?"

सगळ्यांनी दाराबाहेर पाहिले. मेढींवर जाळे होते. सकाळी तुटलेला दोरा तिने दुपारी गाठ मारून जोडलेला. ते उचलायला लटारूचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. इस्तारीने घसा साफ केला. एवढ्या वर्षांत प्रथमच त्याने तिच्या दिशेने मान वळवली; पाहिले मात्र तिच्या पायाशी.

"जाळं नेऊ काय?"

"न्या," गोकुळा म्हणाली. "वरच्या अंगाले नवी गाठ हाये. दगडाले घासू नका."

दोघे भाऊ जाळ्याच्या दोन टोकांना लागले. दोर वारलूकडे गेला. बिडी काढून ठेवायला लटारूने त्याला भाग पाडले. पाळीकडे जाताना त्यांचे पिनेवरून पुन्हा सुरू झालेले ऐकू येत होते.

गोकुळाने कुंपणाजवळच्या पळसाची पाने तोडली आणि अंगणात ओळीने मांडली: सासूचे, मोठ्यांचे, लटारूचे, वारलूचे. मग या सगळ्यांच्या आधी, छपरीच्या दाराशी, जाळ्याचे म्हणून एक रुंद पान ठेवले आणि ते उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला.

"पयला बुवाच लावजो," रुखमाबाई तवे मांडीवर घेऊन म्हणाली.

"आत्याबाई, तवा पाहून कोनाले समजते? जो येईन तो येईन."

"हासनारा आला तं?"

"तं हासू," गोकुळा म्हणाली, आणि तिने चुलीपाशी बसून काडी ओढली.